कोऱ्या गोळीचे ऋण

रोगाचे नाव चुकले म्हणून रोग काही चुकत नाही. पण चुकलेले नाव माणसाच्या विचाराला बराच काळ भलत्या वाटेने नेऊ शकते. ॲमिलॉइडोसिस ह्या रोगाच्या बाबतीत असेच घडले. १८५४ साली रुडॉल्फ फिरखो हा जर्मन विकृतिशास्त्रज्ञ मेंदूतील काही सूक्ष्म कणांचा अभ्यास करीत होता. बटाट्याच्या फोडीवर आयोडिनचा थेंब टाकला की ती निळी-काळी होते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. फिरखोने त्या कणांवर आयोडिन टाकले, त्यावर गंधकाम्ल टाकले, तेव्हा त्यांनीही निळा-जांभळा रंग धरला. अर्थात हा पदार्थ स्टार्चच्या जातीचा असला पाहिजे असे अनुमान त्याने काढले, आणि वनस्पतिशास्त्रात आधीच रूढ असलेला ‘ॲमिलॉइड’ हा शब्द त्याला लावून टाकला. ॲमिलॉइड म्हणजे स्टार्चसारखा.

पुढे अवघ्या पाच वर्षांत, १८५९ साली, फ्रीडराइख आणि केकुले ह्या दोघांनी असल्याच पदार्थाने भरलेली प्लीहा घेऊन तिचे रासायनिक पृथक्करण केले. हा केकुले म्हणजेच पुढे बेंझिनच्या वलयाची कल्पना मांडणारा प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ. त्यांना त्या पदार्थात स्टार्च सापडले नाही. सापडले ते प्रथिन. सत्य बाहेर आले, पण नाव तेच राहिले. आज दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी आपण ह्या रोगाला ‘स्टार्चसारखा रोग’ असेच म्हणत आहोत.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, ह्या रोगावरील औषधांचा इतिहासही पुष्कळसा ह्याच धर्तीचा आहे. एखादा रंग डोळ्यांना दिसतो, मन त्यावरून झटकन अनुमान बांधते, ते अनुमान आशेला सोयीचे असते, आणि मग कोणीतरी चिकाटीने तपासून म्हणतो, “नाही, असे नाही.” फरक एवढाच की, प्रयोगशाळेत चुकले तर प्लीहेच्या तुकड्याचे काही बिघडत नाही, औषधाच्या बाबतीत चुकीची आणि ती शोधून काढण्याची, दोन्हींची किंमत जिवंत माणसाला मोजावी लागते.

२

हा रोग म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिने तयार होतात. धोतराच्या निऱ्या जशा विशिष्ट पद्धतीने घातल्या तरच ते नीट बसते, तशी प्रत्येक प्रथिनाची स्वतःची अशी घडी असते. ती नीट पडली तरच ते आपले काम करते. कधी कधी ही घडी विसकटते, आणि विसकटलेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचे न विरघळणारे तंतू बनतात. हे तंतू हृदयात, मूत्रपिंडात, यकृतात, मज्जातंतूंत साचत जातात. हृदयात साचले तर हृदयाची भिंत जाड आणि ताठर होते. मूत्रपिंडात साचले तर लघवीवाटे प्रथिने वाहून जाऊ लागतात.

कापूस रंगविण्यासाठी तयार केलेला काँगो रेड नावाचा तांबडा रंग ह्या तंतूंना धरून बसतो, हे १९२२ साली बेनहोल्डने दाखविले. आणि तो रंग दिलेले तंतू ध्रुवित प्रकाशात पाहिले तर हिरवे चमकतात, हे १९२७ साली बेल्जियममधील दिव्हरी ह्याने नोंदविले. आजही निदानाची खूण म्हणून वैद्य ह्याच हिरव्या चमकेकडे पाहतात. १९५९ साली कोहेन आणि कॅल्किन्स ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू प्रत्यक्ष पाहिले. आणखी काही वर्षांनी असे उमगले की, हा एक रोग नसून रोगांचे एक कुळच आहे. सर्वांचे तंतू दिसायला सारखे, पण प्रत्येकाचे मूळ प्रथिन निराळे. कोठे ते अस्थिमज्जेतील बिघडलेल्या पेशींनी निर्माण केलेले असते, कोठे दीर्घकाळच्या दाहामुळे वाढलेले असते, तर कोठे आईबापांकडून आलेल्या जनुकातील एका लहानशा फरकामुळे ते जन्मतःच कच्चे असते.

ह्या कुळातील शेवटच्या प्रकाराची ओळख वैद्यकाला पटली ती पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावरील पोव्होआ द वार्झिम ह्या कोळ्यांच्या गावामुळे. १९३९ साली पोर्तो शहरातील सान्तो आन्तोनियो रुग्णालयात कोरिनो आंद्राद ह्या तरुण मज्जातंतुतज्ज्ञापुढे ३७ वर्षांची एक बाई आली. तिच्या पायांतील संवेदना हरपत चालली होती. पाऊल भाजले तरी तिला कळत नसे. तिच्या गावात हा आजार नवा नव्हता. लोकांनी त्याला नावही दिले होते, ‘पेझिन्युश’चे दुखणे, म्हणजे इवल्या पावलांचे दुखणे. ऐन तिशीच्या आसपास ते सुरू होई. पावलांपासून वर चढत जाई. मग पोट बिघडे, वजन उतरे, उठून उभे राहिले की चक्कर येई, आणि दहापंधरा वर्षांत माणूस झिजून मरून जाई. बापाचे झाले, मग मुलाचे, मग नातवाचे.

आंद्रादने घराण्यांमागून घराणी पालथी घातली, वंशावळी जुळविल्या, मृतांच्या मज्जातंतूंत ॲमिलॉइड दाखविले, आणि १९५२ साली ‘ब्रेन’ ह्या इंग्रजी नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर जपान आणि उत्तर स्वीडन येथेही असलीच घराणी सापडली. पण आंद्रादजवळ औषध नव्हते. रोगाला शास्त्रीय नाव मिळाले, इतकेच.

३

औषधांच्या हकीकतीला सुरुवात होते ती भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला. त्या भागातील यहुदी, अर्मेनियन, तुर्की आणि अरब लोकांत एक आनुवंशिक ताप आढळतो. मधूनमधून ताप येतो, पोट कमालीचे दुखते, दोनतीन दिवसांत सारे शमते. खरा धोका पुढे असतो. वर्षानुवर्षांच्या ह्या दाहामुळे मूत्रपिंडात ॲमिलॉइड साचते आणि रोगी त्याने दगावतो. १९७२ साली गोल्डफिंगर ह्या अमेरिकन डॉक्टराने आणि तुर्कस्तानात ओझ्कान ह्याने स्वतंत्रपणे असे सुचविले की, कोल्चिसिन दिले तर हे झटके थांबतात.

कोल्चिसिन आपल्याला अगदीच परके नाही. संधिवाताच्या एका जातीवर ते फार पूर्वीपासून वापरात आहे. आणि कोकणात व सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांच्या कळलावीच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते. कळलावी विषारी म्हणून तिला घराजवळ लावू नये असे जुनी माणसे सांगत, त्याचे कारण हेच. मात्रा चुकली तर प्राण घेणारे हे विष मात्रेत दिले तर प्राण वाचविते.

१९७४ साली निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या चाचण्यांनी झटके थांबतात हे सिद्ध केले. परंतु ॲमिलॉइड टळते की नाही, हे ठरवायला वर्षे जावी लागणार होती. इस्रायलमधील तेल हाशोमेर येथील डॉक्टरांनी १०७० रुग्णांवर ४ ते ११ वर्षे लक्ष ठेवले आणि १९८६ साली निष्कर्ष मांडले. आरंभी मूत्रपिंड निरोगी असलेले ९६० जण होते. त्यांपैकी गोळी नियमित घेणाऱ्या शेकडो लोकांत लघवीत प्रथिने दिसू लागली ती फक्त ४ जणांच्या. आणि गोळी घेतली नाही अशी कबुली देणाऱ्या ५४ जणांत मात्र १६ जणांच्या. एवढा ठळक फरक वैद्यकात क्वचितच पाहायला मिळतो.

येथे कोणाला मुद्दाम औषधापासून वंचित ठेवलेले नव्हते. ज्यांनी आळसाने वा कंटाळ्याने गोळी टाळली, त्यांच्यामुळेच आपोआप तुलना घडली. इतक्या मोठ्या फरकाला ही तुलना पुरली. परंतु फरक जिथे बारीक असतो, तिथे असली आयती तुलना पुरत नाही, हे लवकरच दिसून आले.

४

एका जातीच्या ॲमिलॉइडवर जे चालले ते दुसऱ्या जातीवर का चालू नये, असा विचार डॉक्टरांच्या मनात येणे स्वाभाविक होते. अस्थिमज्जेतील बिघडलेल्या पेशींमुळे होणारा प्रकार सर्वांत जीवघेणा. त्यात हृदय ग्रासले गेले तर रोगी वर्षभरही जगत नसे. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७६ पासून अशा रुग्णांना कोल्चिसिन द्यायला सुरुवात केली आणि १९८७ साली हिशेब मांडला. १९६१ ते १९७३ ह्या काळात आलेल्या जुन्या रुग्णांपेक्षा हे नवे रुग्ण अधिक दिवस जगले होते. आशेला जागा झाली.

पण ह्या हिशेबात एक खोच होती. जुन्या काळचा रोगी आणि नव्या काळचा रोगी ह्यांच्यात केवळ गोळीचाच फरक होता काय? मधल्या वर्षांत निदान लवकर होऊ लागले होते, हृदयाची व मूत्रपिंडाची शुश्रूषा सुधारली होती. नदीला पूर आला असता नाव वर उचलली गेली, तर ते श्रेय नावाड्याला द्यावयाचे की पुराला?

ही खोच सोडविण्याची रीत वैद्यकाला १९४८ पासून माहीत झाली होती. त्या वर्षी इंग्लंडमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात ब्रॅडफर्ड हिल ह्या संख्याशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, डॉक्टरांच्या मर्जीवर न सोपविता पाडण्यात आले. औषध तुटपुंजे होते. सर्वांना पुरणारच नव्हते. मग ते कोणाला द्यावयाचे हे दैवावर सोपविणे न्यायाचेही होते आणि ज्ञानाच्या दृष्टीने उपयोगाचेही. पुढे ह्या रीतीत आणखी एक भर पडली. दुसऱ्या गटाला औषध नसलेली, पण हुबेहूब तशीच दिसणारी गोळी द्यावयाची, आणि कोणाला काय मिळते आहे हे रोग्यालाही कळू द्यावयाचे नाही आणि डॉक्टरालाही नाही. इंग्रजीत हिला प्लासिबो म्हणतात. आपण तिला कोरी गोळी म्हणू.

बोस्टनच्या गटाने पुढे स्वतःच चिठ्ठ्यांच्या रीतीने चाचणी घेतली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभण्यासारखेच झाले. सर्वांत निर्णायक ठरली ती मात्र मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काईल ह्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली चाचणी. त्यांनी २२० रुग्णांचे तीन गट केले. एकाला नुसते कोल्चिसिन. दुसऱ्याला मेल्फॅलन हे कर्करोगाचे औषध व प्रेडनिसोन. तिसऱ्याला ही तिन्ही. पहिल्या गटातील निम्मे रुग्ण साडेआठ महिन्यांच्या आत गेले. दुसऱ्या गटात हाच काळ १८ महिन्यांचा आणि तिसऱ्यात १७ महिन्यांचा निघाला. म्हणजे काम करीत होते ते मेल्फॅलन. कोल्चिसिनने त्यात काडीचीही भर घातली नव्हती. जे औषध भूमध्यसागरी तापात जवळजवळ अमृत ठरले, ते ह्या प्रकारात पाण्याच्या मोलाचे निघाले. नाव सारखे, तंतू सारखे, पण रोग निराळा.

अजून एक धडा शिकावयाचा होता. मेल्फॅलनने फायदा होतो, तर ते खूप मोठ्या मात्रेत द्यावे, आणि त्याने जळून गेलेली अस्थिमज्जा रुग्णाच्याच आधी काढून ठेवलेल्या मूलपेशींनी पुन्हा उगवावी, असा धाडसी उपचार १९९० नंतर सुरू झाला. ज्यांनी तो सोसला त्यांच्यातले कित्येक उत्तम बरे झाले, आणि हाच उपचार सर्वश्रेष्ठ असे मत बनत गेले. फ्रान्समधील झाकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० रुग्णांचे पन्नास-पन्नासांचे दोन गट पाडले. एकाला हा जबर उपचार, दुसऱ्याला तोंडावाटे मेल्फॅलन आणि डेक्सामेथासोनच्या गोळ्या. २००७ साली निकाल आला तो असा की, जबर उपचाराच्या गटातील निम्मे रुग्ण सुमारे २२ महिन्यांत दगावले होते, तर साध्या गोळ्यांच्या गटात हा काळ जवळजवळ ५७ महिन्यांचा होता. उपचाराच्या भारानेच कित्येक जण पहिल्या काही महिन्यांत गेले होते.

पूर्वी जे चांगले निकाल दिसत होते, त्यांचे एक मोठे कारण असे की, असल्या उपचाराला मुळात धडधाकट रुग्णच निवडले जात. ह्या चाचणीवरही आक्षेप घेतले गेले. रुग्णांची निवड अधिक काटेकोर हवी होती असे अनेकांचे मत पडले, आणि काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांना तो उपचार आजही दिला जातो. पण ‘काळजीपूर्वक निवडलेल्या’ हे दोन शब्द वैद्यकाला त्या शंभर फ्रेंच रुग्णांनी शिकविले. पुढे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३८८ रुग्णांच्या चाचणीत डाराटुमुमॅब हे औषध जोडीला दिले असता शंभरांतील ५३ जणांच्या रक्तातून सदोष प्रथिन संपूर्ण नाहीसे झाले. त्यावाचून ते फक्त १८ जणांचे झाले. साडेआठ महिन्यांच्या काळापासून वैद्यक येथवर आले आहे.

५

आता पुन्हा पोर्तुगालच्या कोळ्यांकडे वळू. १९७८ साली असे कळले की, त्यांच्या मज्जातंतूंत साचणारे प्रथिन हे थायरॉइडचा रस आणि अ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणारे एक नेहमीचेच प्रथिन आहे. त्याला ट्रान्सथायरेटिन म्हणतात. १९८३-८४ च्या सुमारास जपानी व पोर्तुगीज संशोधकांनी त्यातील दोष शोधला. १२७ दुव्यांच्या ह्या साखळीत तिसाव्या ठिकाणी व्हॅलिन हवे, तेथे मेथिओनिन आले होते. एका दुव्याच्या बदलाने घराणीच्या घराणी बुडाली होती.

हे प्रथिन मुख्यत्वे यकृतात तयार होते. मग यकृतच बदलले तर? १९९० साली स्वीडनमध्ये पहिले असे यकृतरोपण झाले, आणि रोगाची चाल थांबते असे दिसून आले. पुढील काळात जगभर दोन हजारांहून अधिक रुग्णांनी हा मार्ग पत्करला. १९९५ साली पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे आणखी एक अपूर्व गोष्ट घडली. ह्या रुग्णाचे काढलेले यकृत एरवी उत्तम काम करणारे असते. तेव्हा ते दुसऱ्या एका यकृताच्या रुग्णाला बसविण्यात आले. दोष दिसू लागायला दशके लागतील, तोवर तो जगेल, असा हिशेब होता. तो बहुतांशी खरा ठरला, तरी काहींना अपेक्षेपेक्षा लवकर तोच रोग जडला.

ह्याच सुमारास पोर्तोच्या तेरेझा कुएल्यु ह्या डॉक्टरबाईंच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. काही घराण्यांत सदोष जनुक असूनही माणसे धडधाकट होती किंवा त्यांचा आजार अगदी सौम्य होता. तपासाअंती कळले की, आईबापांपैकी एकाकडून आलेल्या दोषाबरोबर दुसऱ्याकडून ११९ व्या ठिकाणचा एक निराळाच बदल त्यांना मिळाला होता, आणि तो त्यांचे रक्षण करीत होता. अमेरिकेतील जेफरी केली ह्या रसायनशास्त्रज्ञाने ह्याचे गूढ उकलले. ट्रान्सथायरेटिनचे चार घटक एकत्र बांधलेले असतात. ही मोळी सुटली की घटक विसकटतात आणि तंतू बनतात. तो दुसरा बदल मोळी घट्ट धरून ठेवतो. निसर्गाने जे काही भाग्यवान घराण्यांत केले, ते एखाद्या गोळीने सर्वांना करता येईल काय? ह्या विचारातून टाफामिडिस हे औषध जन्माला आले.

६

टाफामिडिसच्या चाचणीत १२८ रुग्ण घेण्यात आले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना कोरी गोळी. मुदत १८ महिन्यांची. ही मुदत ऐकायला लहान वाटते. परंतु ज्याचा बाप असाच पावलांपासून झिजत गेलेला त्याने पाहिला आहे, त्याला आपल्या हाती आलेली गोळी कोरी असू शकेल हे जाणून ती रोज घेणे किती अवघड गेले असेल, ह्याची कल्पना करावी. शिवाय त्याच वेळी यकृताच्या यादीवरही त्याचे नाव असे. यकृत मिळाले तर तो चाचणी सोडून जाई, आणि त्यात त्याला दोष तरी कोणी द्यावा? अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक रुग्ण असे निघून गेले. आणि आधी ठरलेल्या नियमाप्रमाणे ते सारे ‘औषधाचा गुण न आलेले’ म्हणून मोजले गेले.

निकाल असा लागला की, औषधाच्या गटात शंभरांतील सुमारे ४५ जणांचा आजार स्थिर राहिला, कोऱ्या गोळीच्या गटात सुमारे ३० जणांचा. फरक दिसत होता, पण संख्याशास्त्राने आखलेली रेघ ओलांडायला तो किंचित कमी पडला. यकृतरोपणाने गळालेल्यांना वगळून पाहिले तर ती रेघ ओलांडली जात होती. युरोपीय संघाने २०११ साली औषधाला परवानगी दिली. अमेरिकेने २०१२ साली नाकारली आणि आणखी पुरावा मागितला. एकच चाचणी, तेच आकडे, आणि दोन सुजाण संस्थांचे दोन निर्णय! ह्यात कोणी एक मूर्ख किंवा निर्दय होता असे समजण्याचे कारण नाही. एकाने रुग्णाच्या हातातून निसटणारा वेळ पाहिला. दुसऱ्याने बोस्टनच्या कोल्चिसिनची गत पाहिली असे म्हणावयास हरकत नाही.

दरम्यान डायफ्लुनिसल नावाची सांधेदुखीची एक जुनी, स्वस्त गोळीही मोळी घट्ट धरते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. तिच्या मागे कोणी धनवान कंपनी उभी राहण्याचे कारण नव्हते. अमेरिकेतील सार्वजनिक निधीचा आधार घेऊन तिची चाचणी झाली. पाच देशांतील १३० रुग्ण आणि मुदत दोन वर्षांची. येथेही पुष्कळ रुग्ण मध्येच गळाले. तरीही २०१३ साली आलेला निकाल स्पष्ट होता. मज्जातंतूंच्या हानीचे माप कोऱ्या गोळीच्या गटात २५ गुणांनी वाढले, तर औषधाच्या गटात ९ हूनही कमी गुणांनी.

त्यानंतर तिसरी तऱ्हा आली. मोळी घट्ट धरण्याऐवजी प्रथिन तयार होण्याचा निरोपच यकृतात अडवावयाचा. निरोप अडविण्याची ही किमया १९९८ साली फायर व मेलो ह्यांनी एका सूक्ष्म कृमीत शोधली आणि २००६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यावर आधारलेल्या रेव्ह्युसिरन ह्या औषधाची हृदयाच्या प्रकारावर २०६ रुग्णांत चाचणी चालू असता, ऑक्टोबर २०१६ मध्ये ती एकाएकी थांबविण्यात आली. औषध घेणाऱ्यांत १८ मृत्यू झाले होते, कोऱ्या गटात दोन. औषधाच्या गटात माणसे दुपटीहून अधिक होती हे धरूनही फरक भयंकर होता. हे कोरे औषध घेणारे नसते तर काय झाले असते, ह्याचा विचार करावा. रोगच असा आहे की त्यात माणसे मरतातच. ते अठराही रोगाच्याच खाती जमा झाले असते आणि औषध बाजारात आले असते. त्याच कुळातील पॅटिसिरन ह्या औषधाने मात्र २२५ रुग्णांच्या चाचणीत मज्जातंतूंची हानी नुसती थांबविली नाही, तर सरासरीने किंचित मागेही सारली. ऑगस्ट २०१८ मध्ये ह्या जातीचे पहिले मान्य औषध म्हणून अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

७

त्याच वर्षी टाफामिडिसचाही वनवास संपला. ह्या वेळी चाचणी हृदयाच्या प्रकाराची होती. हा प्रकार आनुवंशिक दोषाने होतो, तसाच कोणताही दोष नसता केवळ म्हातारपणीही होतो. रुग्ण ४४१, मुदत ३० महिने. औषध घेणाऱ्या २६४ जणांपैकी ७८ दगावले. कोरी गोळी घेणाऱ्या १७७ जणांपैकी ७६. प्रमाण काढले तर शंभरी सुमारे ३० आणि ४३. दोन्ही गटांतील मृत्यूंचा आलेख पहिले दीड वर्ष जवळजवळ एकच होता. त्यानंतर तो फाकत गेला. चाचणी वर्षभरातच गुंडाळली असती तर ‘औषध निरुपयोगी’ असा शेरा पडला असता. मे २०१९ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली.

चाचणी संपल्यावर कोऱ्या गटातील जिवंत असलेल्यांनाही औषध मिळू लागले. परंतु आधीपासून औषध घेणाऱ्यांची बरोबरी त्यांना पुढे करता आली नाही. जगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटातच अधिक राहिले. कोऱ्या गोळीत औषध नसते, पण ती फुकट नसते, हे ह्याहून स्पष्टपणे कोणता आकडा सांगू शकेल?

ह्या ज्ञानाचा परिणाम पुढच्या चाचण्यांवर झाला, हे समाधानाचे आहे. ॲकोरामिडिस हे त्याच जातीचे दुसरे औषध ६३२ रुग्णांवर तपासले गेले तेव्हा, एक वर्षानंतर कोणत्याही गटातील रुग्णाला टाफामिडिस घेण्याची मोकळीक ठेवण्यात आली होती. त्याने हिशेब गुंतागुंतीचा झाला. पण उपाय माहीत असताना माणसाला कोऱ्या गोळीवर अडवून धरावयाचे नाही, हे तत्त्व हिशेबाच्या सोयीपेक्षा मोठे मानले गेले. २०२४ साली हे औषधही अमेरिकेत मान्य झाले.

दुसरी गोष्ट मात्र समाधानाची नाही. २०१९ साली टाफामिडिस हृदयाच्या प्रकारासाठी अमेरिकेत आले तेव्हा त्याची वर्षाची किंमत २,२५,००० डॉलर ठेवण्यात आली. हृदयविकारावरील एवढे महाग औषध त्या देशात पूर्वी कधी बाजारात आले नव्हते. संशोधनाला पैसा लागतो, फसलेल्या औषधांचा खर्चही कोणीतरी भरून काढावा लागतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ह्या औषधाच्या भांडवलाचा हिशेब मांडावयाचा तर त्यात कंपनीच्या पैशाबरोबर आणखीही काही नावे जमेस धरावी लागतील. आंद्रादला आपल्या घराण्याच्या मृत्यूंची यादी सांगणारी पोव्होआची ती बाई. ज्यांच्या रक्तात रक्षणाची किल्ली सापडली ती भाग्यवान घराणी. यकृताची वाट पाहता पाहता १८ महिने अनिश्चित गोळी घेणारे रुग्ण. आणि शेवटी कोऱ्या गोळीवर ३० महिने काढणारे ते १७७ म्हातारे. ह्यांनी गुंतविले ते पैशाहून मोलाचे होते, आणि त्यावर त्यांनी व्याज मागितले नाही.

वैद्यकाच्या इतिहासात आपण शोध लावणाऱ्यांची नावे घेतो आणि तेही योग्यच आहे. पण चाचणीत भाग घेणाऱ्याचे नाव नियमाप्रमाणे गुप्त राहते. तो निबंधात केवळ एक आकडा म्हणून उरतो. आज पोव्होआच्या एखाद्या तरुणाची पावले बधिर होऊ लागली, तर आपल्या आजोबाला जे कधीच मिळाले नाही ते औषध त्याला मिळू शकते. ती गोळी हातावर घेताना तिच्यामागे किती कोऱ्या गोळ्या उभ्या आहेत हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. आपल्याला ते ठाऊक असावे, आणि ज्या ज्ञानासाठी इतक्यांनी आपले दिवस दिले ते केवळ पैसेवाल्यांच्या कपाटात बंद राहू नये, एवढे तरी त्या ऋणाचे मोल आपण मानले पाहिजे.